ॲक्सोलॉटल ‘कुठेही जगतो’, हा दावा विदर्भात टिकत नाही

विदर्भातील गावोगावी मोबाईलवर एक संदेश फिरत आहे. ॲक्सोलॉटल नावाचा ‘चालणारा मासा’ साध्या काचेच्या टाकीत कोणत्याही हवामानात जगतो, त्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो म्हणून तो आजारी पडत नाही, त्याची सरकारदरबारी नोंद लागत नाही आणि नकोसा झाल्यास त्याला तलावात सोडता येते, असे त्यात म्हटले आहे. हे प्राणी मला अतिशय प्रिय आहेत, म्हणूनच या विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

ॲक्सोलॉटल मासा नाही. तो सॅलॅमँडर, म्हणजे शेपटी असलेला उभयचर आहे. निसर्गात तो केवळ मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातील पाण्यात उरला असून, तेथे १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० असलेली त्याची संख्या २०१४ पर्यंत ३६वर आली.

हवामानाबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे. या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि पाणी २४ अंशांच्या वर राहू लागले की तो अन्न सोडतो व त्याच्या कल्ल्यांवर बुरशी धरू लागते. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंश ओलांडतो, रात्रीही घरातील टाकीचे पाणी कोमटच राहते आणि कुलरने खोलीत गारवा आला तरी पाणी १८ अंशांपर्यंत उतरत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकल्याने तापमान सतत खालीवर होते, त्याचाही प्राण्याला त्रासच होतो. पाणी थंड ठेवणारे चिलर आणि भारनियमनातही ते चालू ठेवण्याची सोय ज्याच्याकडे नाही, त्याने ॲक्सोलॉटल आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अवयव पुन्हा उगवतात हे खरे आहे. परंतु त्याच्याच विष्ठेतून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने कल्ले जळतात, त्यावर ही क्षमता उपाय ठरत नाही. अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावण्यास कित्येक आठवडे लागतात आणि तोवर प्राणी आणायचा नसतो.

कायद्याविषयीचे विधानही चुकीचे आहे. ॲक्सोलॉटल ‘साइट्स’ या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

तलावात सोडण्याचा सल्ला तर कोणीही मानू नये. भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलावात सोडलेला ॲक्सोलॉटल उन्हाळ्यात मरेलच, परंतु हिवाळ्याच्या थंड पाण्यात तो काही काळ तग धरू शकतो आणि तेवढ्या काळात पाळीव उभयचरांबरोबर जगभर पसरलेली, उभयचरांच्या त्वचेला लागून त्यांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी आपल्या बेडकांपर्यंत पोहोचवू शकतो. याच तलावांच्या काठी पहिल्या पावसात पिवळेधमक नर बेडूक जमतात. उभयचरांची आवड असणाऱ्याने आधी त्यांना पाहावे. रानातला सॅलॅमँडरच पाहायचा असेल, तर पावसाळ्यात दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला जावे, आणि तेथेही त्याला हात न लावता पाहावे.