पहिली मेणबत्ती

धर्मेंद्र गेले २४ नोव्हेंबर २०२५ ला. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ते ११ तारखेलाच गेले होते. मेणबत्त्या, जोडलेले हात, ‘वीरू गेला रे’. मग ईशा देओलने सांगितलं की बाबा बरे होताहेत, हेमामालिनींनी खडसावलं, आणि ग्रुपने दोन मिनिटांत पलटी मारली: या चॅनेलवाल्यांना लाजच नाही! खरोखर गेल्यावर नवा फाटा फुटला. विलेपार्ल्याला घाईघाईत उरकलं, चाहत्यांना अंत्यदर्शन नाही, शासकीय इतमाम नाही. म्हणजे जिवंतपणी मारायचं, आणि मेल्यावर धड बघू दिलं नाही म्हणून रुसायचं.

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या थंडीत रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवता ठेवता हे वाचलं आणि डोकं फिरलं. तिथेच उभा राहून लिहिलं: इकडे असं होत नाही. ८ सप्टेंबर २०२२ ला, राणी एलिझाबेथ गेली त्या दिवशी, बीबीसीचा निवेदक दुपारपासून काळा टाय लावून बसला होता. काय ते सगळ्यांना कळून चुकलं होतं, पण संध्याकाळी साडेसहाला राजवाड्याने जाहीर करेपर्यंत त्याने ‘राणी गेली’ म्हटलं नाही. याला म्हणतात संयम.

मृत्युलेखांचंही तेच. इथल्या टेलिग्राफ या वर्तमानपत्रातले मी चवीने वाचतो. कुणी ‘मैफलीत रमणारा’ होता असं छापून आलं, की गडी पिणारा होता हे समजून घ्यायचं. आपल्याकडे दर आठवड्याला एक कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होते. एव्हाना महाराष्ट्राची चाळण झाली असेल.

हेही ग्रुपवर टाकलं. वर्गात माझ्या मागे बसणाऱ्याचं उत्तर आलं: “२०१५ साली तुमच्या बीबीसीच्याच बातमीदार बाईने राणीच्या निधनाच्या बातमीच्या तालमीला खरं समजून राणीला ट्विटरवर मारलं होतं. आणि राणीचे नवरे प्रिन्स फिलिप गेले तेव्हा ‘त्याच त्या बातम्या पुरे करा’ म्हणून बीबीसीकडे लाखावर तक्रारी कुणी केल्या?”

दोन्ही खरं आहे. मी सोयीस्करपणे विसरलो होतो. पण लागलं ते ‘तुमच्या’.

खरं तर या ग्रुपवर बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं उरलेलं नाही. खड्डे, सोसायटीचं रीडेव्हलपमेंट, रविवारची मिसळ, यात मी कुठे? मोठं माणूस गेलं की तेवढ्यापुरता मी त्यांच्या पंगतीत बसतो. तेही कमी होत चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मालिकांमधली प्रिया मराठे गेली, अवघ्या ३८ व्या वर्षी. सगळे हळहळले. मी गुगलवर चेहरा शोधला, आणि मग हळहळलो.

आणि संयमाचं म्हणाल तर २३ नोव्हेंबर २०२२. भारतात मध्यरात्र होत आलेली, इथे जेमतेम संध्याकाळ. विक्रम गोखले गेल्याचं कुठेतरी दिसलं. ग्रुप झोपलेला. आज आपण पहिले, या आनंदात (हो, आनंदच) मी मेणबत्ती लावली. खाली लिहिलं: कधीही भरून न निघणारी पोकळी. सकाळी त्यांच्या पत्नीने सांगितलं की ते हयात आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत. मी मेसेज डिलीट केला, पण तोवर अकरा जणांनी हात जोडले होते. २६ तारखेला ते खरोखर गेले तेव्हा मी काहीच लिहिलं नाही.

मागच्या बाकावरच्याला ‘माझी कसली बीबीसी’ असं लिहायला घेतलं. मग खोडलं. बीबीसी ज्या टीव्ही लायसन्स फीवर चालते, ती दरवर्षी मीही भरतो. शेवटी नुसता अंगठा टाकला.