घड्याळ ठोके मोजेल, पुढे कोण विचारणार?

अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्मार्टवॉच आणि मोबाईलवरच्या रोजच्या प्रश्नांतून मानसिक त्रासाची लक्षणं टिपता येतील, असं एका लेखात वाचलं. पटतं, पण अर्धंच.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, तेव्हा आमच्या शेजारचा मुलगा त्याच गाडीत होता. खरचटलंही नाही, म्हणून कोणी काही विचारलं नाही. नंतर तो दिवा स्टेशनवर गर्दी बघून गाड्या सोडून द्यायचा, रात्री दचकून उठायचा. मनगटावरचं घड्याळ मात्र सांगत होतं, आज पावलं कमी पडली, जरा चालून या!

नाडीचं म्हणाल तर सकाळी पूल चढताना सगळ्यांचीच धडधडते. भीती कुठली आणि दम कुठला, हे नुसत्या ठोक्यांवरून कसं कळणार? त्यापेक्षा मोडलेली झोप जास्त बोलकी. शिवाय पहिल्या महिन्यातली बरीच लक्षणं आपोआप ओसरतात. पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचं, निदान महिना उलटल्याशिवाय करतच नाहीत. मग रोज तेच प्रश्न विचारणं म्हणजे खपली काढून बघणं नको व्हायला.

आणि इशारा आला की जायचं कुठे? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर किती जणांना माहीत आहे? ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण आपल्याकडे अजून ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा विनोदच चालतो. अशा वातावरणात घड्याळाने टिपलेली माहिती ऑफिसच्या एचआरपर्यंत पोचणार असेल, तर तो मुलगा घड्याळ काढूनच झोपेल.