काकांना माती देऊन आलो त्या रात्रीचा मेसेज

काकांना माती देऊन नाशिकच्या शरणपूरला परतलो, आणि त्याच रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. नरकाची शिक्षा अनंतकाळची आहे, ती न्यायाचीच आहे आणि देवाच्या क्षमेला तिची आडकाठी नाही, असं त्यात होतं. काका प्यायचे, उपासनेला येत नसत. काकूंनी तो मेसेज वाचला. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला हे उत्तर.

'देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचं पापही अनंत.' हा युक्तिवाद अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडितापासून चालत आला आहे. यात अपराध मोजायचा तो ज्याचा मान दुखावला त्याच्या थोरवीवरून. नाशिककरांनी तरी हे माप ओळखायला हवं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीचा दंड शिवी कोणत्या वर्णाला दिली यावर ठरतो. त्याच उतरंडीविरुद्ध २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. माणसाने केलं तर अन्याय, मग देवाच्या नावावर तो न्याय कसा? शिवाय बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो, जाणून चुकणाऱ्याला पुष्कळ फटके, न जाणता चुकणाऱ्याला थोडे. प्रत्येक पाप अनंत असेल, तर हे 'थोडे' कुठून आले?

'मत्तय २५:४६ मध्ये जीवन आणि शिक्षा दोन्हींना एकच शब्द आहे. एक अनंत तर दुसरंही अनंत.' हा मुद्दा खरा वजनदार आहे, ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानेही तो मांडला होता. पण तो ग्रीक शब्द 'आयोनिओस', 'आयोन' म्हणजे युग यावरून आलेला. रोमकरांस पत्राच्या शेवटी (१६:२५) प्रेषित पौल हाच शब्द अशा काळासाठी वापरतो, ज्यात रहस्य गुप्त होतं आणि जो आता संपला आहे. तेव्हा नुसत्या या शब्दावरून न संपणारी शिक्षा सिद्ध होत नाही. आणि सार्वकालिक जीवनाची आशा काही या एका शब्दावर टांगलेली नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल सरळ अमरत्वाचंच बोलतो. मत्तयच्या त्या वचनात शिक्षेसाठी 'कोलासिस' हा ग्रीक शब्द आहे. ॲरिस्टॉटलने सुडापासून तिचा फरक सांगितला: कोलासिस ही शिक्षा भोगणाऱ्यासाठी असते. जिला शेवटच नाही, ती त्याच्या काय कामाची?

शिक्षा नाहीच, असं मी म्हणत नाही. गरिबाला नाडणाऱ्याला त्याचा जाब द्यावाच लागेल.

'क्षमा हयातीतच मिळते, श्वास थांबला की दार बंद.' येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशूने सांगितलं, सातांच्या सत्तर वेळा. आपल्याला मोजू नका म्हणणारा स्वतः शेवटच्या श्वासाशी थांबतो, हे मला पटत नाही.

'भीती नसेल तर माणसं मोकाट सुटतील.' काकांना ही भीती लहानपणापासून होती. बाटली सुटली नाही.

काल काकूंनी विचारलं, "देव ह्यांना कायमचं तिथेच ठेवील का रे?" मी स्तोत्र १०३ काढून नववं वचन वाचलं, तो आपला राग सर्वकाळ ठेवणार नाही. त्या म्हणाल्या, "परत वाच."