जवळचा टॉवर म्हणजे आपला टॉवर नव्हे
घरातल्या सिमवर चालणाऱ्या ४जी राउटरला सिग्नल चांगला कसा मिळवावा, यावरच्या लेखातला 'तरंग संचार पोर्टलवर (मोबाइल टॉवर दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) जवळचा टॉवर बघा आणि राउटर त्या बाजूच्या खिडकीत ठेवा' हा सल्ला अर्धवट आहे. दिसणारा टॉवर आपल्याच कंपनीचा असेल असं नाही. असला तरी त्याचे अँटेना साधारण तीन दिशांना वाटलेले असतात. एकेका दिशेच्या पट्ट्याला सेक्टर म्हणतात; आपलं घर दोन सेक्टरांच्या मधे आलं तर लांबचा टॉवर बरा पडतो. म्हणून नकाशाआधी राउटरच्या सेटिंगचं पान उघडा. आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) उणे ९० च्या वर चांगला, उणे ११० च्या खाली रडकथा. पण खरा न्याय एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ, ते सांगणारा आकडा) करतो: तो शून्याच्या आसपास असेल तर काड्या फुल असूनही व्हिडिओ अडकतो. राउटर एकेका खिडकीत दोन मिनिटं ठेवून दोन्ही आकडे लिहून घ्या.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० (बँड म्हणजे सिग्नलचा ठरावीक वारंवारता-पट्टा) आत येईतो दमतो. तिथे ८५० चा बँड ५ तगतो, वेग मात्र कमी. गच्चीवर अँटेना लावणार असाल तर केबलवर कंजुषी नको. १० मीटर आरजी-५८ या पातळ केबलमध्ये २३०० वर अँटेनाची जवळपास सगळी कमाई वाहून जाते. आणि बाजारातले सिग्नल वाढवणारे 'बूस्टर' परवान्याशिवाय बेकायदेशीर आहेत, हे लेखात यायलाच हवं होतं.