काटा 3000 च्या खाली आला म्हणजे इंजिन गेलं?

नाशिकच्या मामाने परवा एक मेसेज पाठवला. तोच मेसेज त्याआधी आणखी तिघांकडून आला होता, पण मामाकडून यावा याची गंमत वाटली. मला गाडी त्यानेच शिकवली, प्रीमियर पद्मिनीवर. स्टिअरिंगला चिकटलेला तो गिअरचा दांडा, शेजारी मामा, आणि गाडी जरा कुठे सुटली की लगेच, "टाक आता टॉपला, पेट्रोल फुकट येतं का?" त्याच मामाचा आताचा मेसेज असा:

"जुनी एअर-कूल्ड 911 असेल तर काटा कधीही 3000 च्या खाली येऊ देऊ नका. खाली पंखा हवा देत नाही, ऑइल प्रेशर राहत नाही, कार्बन धरतो. गिअर बदलायचा तो रेड लाइनजवळ, आणि झटक्यात. घाबरू नका, लिमिटर आहेच."

काटा म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, रेड लाइन म्हणजे त्यावरची धोक्याची खूण, आणि लिमिटर म्हणजे फेरे त्यापुढे फार जाऊ न देणारी सोय. मामाकडे पोर्शे नाही. माझ्याकडे एक आहे, 1982 ची 911 एससी. श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणजे ती जिथे बनली त्या त्सुफेनहाउझेनपासून फार लांब नाही. तिला आठवड्यातून एकदा बाहेर काढतो आणि त्या वेळातला बराचसा भाग 3000 च्या खालीच जातो. इंजिन जागेवर आहे. पण "माझं काही बिघडलं नाही" हा काही युक्तिवाद नव्हे, म्हणून एकेक वाक्य घेतो.

आधी हा 3000 चा आकडा. तो हवेतून आलेला नाही. 1967 सालच्या मूळ 911 एस मध्ये दोन लिटरचं इंजिन होतं. 160 अश्वशक्ती मिळायची ती 6600 फेऱ्यांना आणि टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराचं, शिखर 5200 वर. त्या इंजिनाला खाली जीवच नव्हता. शहरात रेंगाळलं की प्लग काळे व्हायचे. त्या गाडीच्या मालकाने "3000 च्या खाली येऊ नका" म्हटलं तर ते अनुभवाचे बोल होते. माझ्या एससीचं इंजिन तीन लिटरचं. 204 अश्वशक्ती 5900 ला, आणि 267 न्यूटन-मीटर टॉर्क 4300 लाच. नंतरची कॅरेरा 3.2 तर याहूनही समजूतदार. एअर-कूल्ड 911 ची साखळी 1964 ते 1998 अशी चौतीस वर्षं चालली, आणि एका एसचा स्वभाव सगळ्या वंशाला चिकटवला गेला.

"खाली पंखा हवा देत नाही." मेसेजमधलं सगळ्यात पटणारं वाक्य हेच, म्हणून इथे थोडा थांबतो. पंखा क्रँकवरून पट्ट्याने फिरतो हे खरं. अल्टरनेटरही त्याच्याच पोटात बसलेला. इंजिन हळू तर पंखा हळू. पण मेसेज लिहिणाऱ्याने हिशोबाची एकच बाजू मांडली. इंजिनाला हवा किती लागते हे ते किती पेट्रोल जाळतंय यावर ठरतं, आणि ते काटा सांगत नाही, तुमचा उजवा पाय सांगतो.

सपाट रस्त्यावर ताशी 80 किमीने पाचव्या गिअरमध्ये माझी गाडी साधारण 2100 फेऱ्यांवर असते. एवढ्या वेगाला वाऱ्याशी आणि टायरच्या घर्षणाशी झगडायला तिला जेमतेम बारा अश्वशक्ती लागते (गाडीचं वजन, आकार धरून मी केलेलं गणित आहे, एखाद-दोन इकडेतिकडे). पूर्ण जोराला 204 अश्वशक्ती, 5900 फेरे. म्हणजे 2100 वर पंखा जोराच्या वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा देतोय आणि इंजिन काम करतंय सतराव्या हिश्श्याचं. हवा कमी पडेल कशी? उलट याच वेगाला मेसेज ऐकून मी गाडी तिसऱ्यात ठेवली तर काटा 3300 च्या पुढे. पंख्याला फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, ती फुकट घालवायची, आणि इंजिनाची आतली घासघासही वाढवायची. ऑइलचं तापमान त्याने खाली येत नाही.

दुसरं म्हणजे या गाड्यांना "एअर-कूल्ड" म्हणतात, पण थंड करण्याचं बरंच काम ऑइल करतं. ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी न साठता वेगळ्या टाकीत असतं. टाकी मागच्या उजव्या चाकाजवळ, आत दहा लिटरच्या वर ऑइल, आणि एससीला पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये आणखी एक ऑइल कूलर. त्या पुढच्या कूलरला हवा मिळते ती गाडी पळते म्हणून. ट्रॅफिकमध्ये उभं राहून रेस देत बसलात तर त्याला झुळूकही लागत नाही.

"ऑइल प्रेशर राहत नाही." राहतं, कमी राहतं. या इंजिनांचा जुना अंदाज असा की गरम ऑइलला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे 0.7 बार प्रेशर हवं. म्हणजे 2000 ला दीडच्या आसपास, आणि ते पुरेसं आहे, कारण तिथे भारही हलका असतो. गरम गाडी सिग्नलला उभी असताना प्रेशरचा काटा तळाशी लोळतो तेव्हा नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. पहिल्या उन्हाळ्यात मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून बॉनेट उघडलं होतं आणि मग आठवलं की इंजिन मागे आहे.

आता मेसेजमध्ये जे खरं दडलंय ते. गाडी खालच्या फेऱ्यांवर ओढत नेणं या इंजिनाला खरोखर वाईट. पण "खालचे फेरे" आणि "खालच्या फेऱ्यांवर ओढणं" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा घोटाळा त्या दोघांना एक समजण्यात आहे.

श्टुटगार्ट शहर वाटीसारख्या खोलगट जागी वसलंय. बाहेर पडायचं तर चढ चढावाच लागतो. डेगरलोखकडे जाणारा नॉये वाइनश्टाइगे हा त्यातला प्रसिद्ध. तिथे ताशी 50 ने चौथ्या गिअरमध्ये काटा 1650 च्या जवळ असतो. चढ आला, गाडी दम खायला लागली, आणि आपण गिअर उतरवायचा कंटाळा करून अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबला, की मग काय होतं? फेरे कमी म्हणजे बेअरिंगमध्ये ऑइलचा थर पातळ, आणि नेमका त्याच वेळी प्रत्येक स्फोटाचा पूर्ण दाब पिस्टनवरून त्याच थरावर. पंखा मंद आणि पेट्रोल मात्र भरपूर जळतंय, म्हणजे सिलिंडर हेड तापतंय. तापलेल्या हेडमध्ये दाबलेलं मिश्रण ठिणगीच्या शिस्तीत जळत नाही, फटफटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. 204 अश्वशक्तीच्या एससीचं कॉम्प्रेशन 9.8 आहे, ही गाडी 98 ऑक्टेन मागते, आणि तिला नॉक सेन्सर नाही. तो 911 ला 1989 साली 964 पिढीत आला. त्याआधीच्या गाड्यांना नॉकिंग कळायचं साधन एकच, चालवणाऱ्याचे कान. आणि मागच्या एवढ्या खडखडाटात ते बरेचदा कळतच नाही.

म्हणून वाइनश्टाइगेवर मी दुसऱ्यात असतो, 3000 च्या आसपास. मेसेजमधला आकडा इथे बरोबर ठरतो. तोच रस्ता उतरताना, किंवा सपाटीवर पाय नुसता टेकवलेला असताना, 1900 ला इंजिन मजेत असतं. बुलेट चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. बुलेट टॉपमध्ये भुगभुगत सपाटीला जाते तेव्हा तिला कोणी दोष देत नाही, पण तशीच घाटाला लावली आणि मूठ पिळली की हँडल जी कंपनं देतं त्यावरून हात आपोआप क्लचकडे जातो. तेही एअर-कूल्डच. इथे सहा सिलिंडर असल्यामुळे तक्रार मऊ आवाजात येते, एवढाच फरक.

कार्बनचं थोडक्यात: कार्ब्युरेटरवाल्या आणि सुरुवातीच्या एसच्या बाबतीत तथ्य होतं. एससीला बॉशचं के-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आहे. महिन्यातून एकदा गरम गाडी मोकळ्या रस्त्यावर ताणली तर पुरे. रोज दुधाच्या पिशवीला जाताना रेड लाइन गाठायची गरज नाही.

"गिअर बदलायचा तो रेड लाइनजवळ." ट्रॅकवर असाल तर हो, अगदी बरोबर. टॉर्कचं शिखर 4300 ला म्हणून 4300 ला गिअर बदला असं सांगणारा दुसराही एक पंथ आहे आणि तो साफ चुकतो. चाकापर्यंत पोचणारा जोर गिअरने गुणून येतो. पहिल्याचं गुणोत्तर साधारण 3.18 आणि दुसऱ्याचं 1.83. पहिला 6200 पर्यंत ताणला तर शेवटी इंजिन थोडं थकतं, तरी चाकावरचा जोर दुसऱ्यातल्यापेक्षा बराच जास्तच असतो.

पण रस्त्यावर? पहिला गिअर 6000 ला ताशी 57 किमी, दुसरा 99, तिसरा 144. जर्मनीत वस्तीत मर्यादा 50 ची आणि वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्यावर 100 ची. म्हणजे मेसेज पाळायचा तर ऑटोबान सोडून आयुष्य पहिल्या-दुसऱ्यातच काढायचं. शिवाय 3000 ऐवजी 6000 फेऱ्यांना पिस्टन आणि रॉडवरचा झटक्यांचा भार चौपट होतो, दुप्पट नव्हे. इंजिन ते सोसायलाच बनवलंय, पण दर सिग्नलला सोसायला लावायचं कशाला?

खरी अडचण एकच आकडा सगळ्या गिअरना लावण्यात आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काटा जवळजवळ 42 टक्के पडतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात 31. पहिला 3000 ला सोडला तर दुसऱ्यात 1730 ला पडाल, गाडी थोडी कुरकुरेल. दुसरा 3000 ला सोडला तर तिसऱ्यात 2060, ठीक. म्हणून मी बदलताना काटा कुठे आहे ते बघत नाही, बदलल्यावर कुठे पडणार ते बघतो. सपाटीला हलक्या पायाने 2000 च्या जवळ पडला तरी चालतं. पुढे चढ असेल किंवा ओव्हरटेक करायचं असेल तर 3000 ला पडायला हवा, म्हणजे पहिला पाच हजारांच्या थोडा पुढे आणि दुसरा साडेचारच्या आसपास सोडायचा.

"आणि झटक्यात." हे लिहिणाऱ्याने 915 गिअरबॉक्स कधी हातात धरला नसावा. 1972 च्या मॉडेलपासून 1986 पर्यंतच्या 911 मध्ये हा होता, पोर्शेच्या स्वतःच्या पद्धतीच्या सिंक्रोरिंगसह, म्हणजे गिअर अडकण्याआधी दोघांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांसह. त्या रिंगा घाई सहन करत नाहीत. दांडा न्यूट्रलमध्ये क्षणभर विसावू द्यायचा, मग बोटांनी पुढे न्यायचा, मुठीने नाही. थंडीत सकाळी पहिल्या दोन किलोमीटरात दुसरा गिअर मी घाईने टाकला आहे आणि जो आवाज आला तो अजून कानात आहे. झटक्याची हौस असेल तर 1987 पासूनची जी50 गिअरबॉक्सची गाडी बघा. तीसुद्धा आदळआपट मागत नाही, पण माफ करते.

मेसेजमध्ये जे नाहीच ते मला जास्त खटकलं. थंड इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. सिलिंडर लवकर तापतात, पण दहा लिटर ऑइल तापायला दहा-पंधरा किलोमीटर लागतात. ऑइलचा काटा हलून वर येईपर्यंत मी 3500 ओलांडत नाही, आणि गाडी जागेवर चालू ठेवून तापवतही नाही, लगेच निघतो, हळू. वळणाबद्दलही काही नाही. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं. पोर्शेने 1969 च्या मॉडेलला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 57 मिलिमीटरने वाढवला तो उगाच नाही. वळणाच्या मध्यावर काटा रेड लाइनला पोचला, तुम्ही गिअर बदलायला पाय उचललात, की वजन पुढे सरकतं आणि मागचा भाग बाहेर निघतो. गिअर वळणाआधी बदलून घ्यायचा, आकडा काहीही असो.

राहिला लिमिटर. जुन्या गाड्यांत तो डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमधला स्प्रिंग लावलेला छोटासा तुकडा असतो, फेरे फार वाढले की ठिणगी तोडतो. कॅरेरा 3.2 मध्ये कॉम्प्युटर 6500 च्या सुमाराला पेट्रोल बंद करतो. दोन्ही तुम्हाला अ‍ॅक्सिलरेटरपासून वाचवतात. तुमच्या डाव्या-उजव्याच्या गोंधळापासून नाही. तिसरा गिअर 6000 ला, झटक्यात दांडा सरळ मागे ओढायचा होता चौथ्यासाठी, हात जरा डावीकडे झुकला आणि दुसरा पडला. क्लच सोडताच चाकं इंजिनाला 8700 फेऱ्यांवर फिरवतात. ठिणगी तोडा नाहीतर पेट्रोल, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात आणि पिस्टन व्हॉल्व्हला गाठतो.

मामाला एवढं सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "म्हणजे टॉपला टाकलं तर चालतं ना?"

सपाटीला चालतं, मामा.