संगीताचा तास आणि थेरपीची पाटी

आज शाळेच्या नव्या माहितीपत्रकाचा मसुदा हातात पडला. सुविधांच्या यादीत, स्मार्ट क्लासरूम आणि सीसीटीव्हीच्या मधोमध एक ओळ: 'म्युझिक थेरपी, प्रशिक्षित शिक्षकांकडून.' हे प्रशिक्षित शिक्षक म्हणजे अस्मादिक! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझं शिक्षण गाण्यातलं, वर बी.एड. थेरपीचं प्रशिक्षण शून्य. तसं सांगायला गेले तर उत्तर आलं, "अहो बाई, तुम्ही त्या मुलाबरोबर करता ना, तेच की."

त्या मुलाबरोबर मी काय करते, ते सांगतेच आता.

दुसरीतला मुलगा आहे. बोलणं अगदी मोजकं. पेटी सुरू झाली की कान दाबून बाकाखाली जायचा. आधीच्या बाईंनी त्याला तासाला बाहेर बसवायची सोय करून ठेवली होती. एकदा मी हजेरी घेत होते, तेव्हा बाकाखालून पेन्सिलीची टकटक ऐकू आली. तीन ठोके, मग थांबणं, मग एक. परत तेच. एकदम लयीत! मी डफ घेऊन जमिनीवर बसले आणि नुसत्या बोटांनी, हलकेच, त्याचंच त्याला परत वाजवून दाखवलं. तो थांबला. मीही थांबले. मग त्याने चार वाजवले, मी चार. मग त्याने मुद्दाम एकच जोरात हाणला आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, ही काय करते आता म्हणून. मीही हाणला. गडी हसला.

एवढंच. याला शाळा थेरपी म्हणते.

आता खरी थेरपी कशी असते ते ऐका. पॉल नॉरडॉफ हा संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष मुलांचा शिक्षक, १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये दोघांनी एकत्र काम सुरू केलं. एक जण पियानोवर, दुसरा मुलाजवळ. म्हणजे एका मुलामागे दोन मोठी माणसं! मूल रडत असेल तर पियानो त्याच्या रडण्याच्या सुराला जाऊन मिळायचा. प्रत्येक सत्र टेपवर ध्वनिमुद्रित करून दोघं नंतर बारकाईने ऐकत बसायचे. आणि इथे मी एकटी, समोर वर्गभर पोरं, त्यातली दोघं तबल्यावर चढलेली, आणि घंटा व्हायला आलेली.

अमेरिकेत संगीत थेरपिस्ट व्हायचं तर पदवी लागते, किमान १२०० तासांचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम लागतं, वर प्रमाणपत्राची परीक्षा. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवून घेणं कायद्याने गुन्हा आहे. आमच्याकडे पत्रक छापणाऱ्याने टाइप केलं की झालात तुम्ही थेरपिस्ट. पट्टी बांधता येते म्हणून कुणी दवाखाना थाटत नाही हो!

आणि गंमत बघा, ज्यांना हा शब्द एवढा आवडतो, त्यांना त्यातली एकही गोष्ट वर्गात नको असते. मुलं उधळली की फर्मान येतं, "काहीतरी शांत लावा." बासरीची रेकॉर्ड लावली की मुलं गपगार होतील, हा यांचा समज. थेरपीवाले नेमकं उलट सांगतात. १९४० च्या दशकापासून त्यांच्याकडे 'आयसो प्रिन्सिपल' आहे: मूल ज्या मनःस्थितीत आहे, संगीत तिथूनच सुरू करायचं आणि मग एकेक पायरी खाली आणायचं. धिंगाणा चालू असेल तर आधी द्रुत लयीत टाळ्या, पाय आपटणं, मग मध्य लय, मग विलंबित. माझ्या बाकाखालच्याला मी आधी माझं गाणं ऐकवायला गेले असते तर तो वर्षअखेरपर्यंत तिथेच बसला असता.

हो, संगीतशिक्षकाने यातलं पुष्कळ उचलावं, किंबहुना उचललंच पाहिजे. तास रोज त्याच गाण्याने सुरू आणि त्याच गाण्याने बंद, म्हणजे पुढे काय होणार हे धास्तावलेल्या मुलाला आधीच कळतं. कोपऱ्यात एक जागा, आवाज सोसला नाही तर जाऊन बसायला. ज्याला वाजवायचं नाही त्याला न वाजवण्याची मुभा. झायलोफोनच्या 'म' आणि 'नि'च्या पट्ट्या काढून ठेवायच्या. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या शिकवण्याच्या पद्धतीत मुलांची सुरुवात अशीच करतात. उरतो आपला पाच सुरांचा भूप राग. मग कुणी काहीही वाजवलं तरी कानाला खटकत नाही, आणि 'चुकलास' म्हणायची वेळच येत नाही. याला पैसा लागत नाही. शिक्षकाला जरा दम धरावा लागतो, बस्स.

पण संगीताच्या तासात मला शेवटी सूर लागायला हवा असतो, थेरपीत सूर लागला नाही तरी चालतो. तिथे बघतात, मूल आपली पाळी येईपर्यंत थांबलं का, नजर मिळाली का, हवं ते मागितलं का. ते लिहून ठेवतात, पुढच्या खेपेला ताडून बघतात. मी त्या पोराचं काहीही लिहून ठेवलेलं नाही. ठेवायचं कसं, तेही मला येत नाही.

बरं, कुणीतरी २०१७ चं ते मोठं संशोधन आणून दाखवेलच: नऊ देश, ऑटिझम असलेली ३६४ मुलं, आणि संगीत थेरपीने लक्षणांच्या तीव्रतेत फरक दिसला नाही. मान्य. मी कुठे ऑटिझम घालवायला डफ घेऊन बसले होते?

एवढ्या रागाचं खरं कारण मात्र वेगळंच आहे. मध्यंतरी त्याची आई भेटली. घरी तो ताटावर, दारावर, तिच्या पाठीवर वाजवतो म्हणाली, हसत हसत. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, "बाई, या वाजवण्यानं तो बोलायला लागेल का हो?" काय सांगणार? मला माहीत नाही, म्हटलं. स्पीच थेरपी अजिबात सोडू नका, एवढं सांगितलं. तिने मान हलवली. तिकडची फी, येण्याजाण्याचा खर्च, खर्ची पडणारी रजा, सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

उद्या हे पत्रक तिच्या हातात पडलं तर? शाळेतच थेरपी, तीही फुकटात! मग तिने तिकडे कशाला जावं? तिची काय चूक? छापणाऱ्याच्या डोक्यात हा विचार एकदा तरी आला असेल का? शाळेत विषय कुठला, तर स्नेहसंमेलनात त्या मुलाला डफ देऊन स्टेजवर उभा करा, पालकांना 'रिझल्ट' दिसेल. ज्याला पेटीचा आवाज सोसत नाही त्याला स्पीकरसमोर उभा करायचा! मी नाही म्हटलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

पालक मित्रहो, तुमच्या शाळेच्या पत्रकात अशी ओळ दिसली तर सरळ विचारा: थेरपिस्ट कोण, शिकले कुठे, एका वेळी मुलं किती, नोंदी कोण ठेवतं आणि त्या आम्हाला दाखवता का? उत्तर आलं नाही तर काय समजायचं ते समजा. आणि कृपा करून कमेंटमध्ये 'मुलांची बुद्धी वाढवणारं संगीत' छाप लिंका टाकू नका. दिसल्या की उडवणार.