शनिवारी रात्री साडेदहाची उपासना

मिरजेतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद चाललाय : रविवारची उपासना यूट्यूबवर दाखवणं बंद करायचं की नाही. एका ज्येष्ठ पंचांनी लिहिलं, "उपासना म्हणजे चहा पीत बघायची मालिका नव्हे. आत्मिक घडण अंगठ्याने होत नसते." खाली 27 जणांचे नमस्कार. इकडे कॅनडात, ओंटारिओत, उणे अठरात, बसस्टॉपवर हातमोजा काढून मी ते वाचलं आणि डोकंच फिरलं.

अहो काका, मिरज आहे ही! 1894 साली वॉनलेस डॉक्टरांनी तिथे इस्पितळ काढलं, ते मूळचे इकडचेच, ओंटारिओचे. नवं ते वाईट म्हणून तेव्हा लोकांनी पाठ फिरवली असती तर? आणि साताऱ्यात 1917 मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही होती. टिळकांचे अभंग आपण डोळे मिटून म्हणतो, आणि घरी बसून ऐकणाऱ्याला मात्र दारातच हटकतो.

इथे बघा. घरापासून चार मिनिटांवर युनायटेड चर्च आहे. गीतं पडद्यावर, दान ई-ट्रान्स्फरने, उपदेश पॉडकास्टवर. कुणी भांडत नाही.

भांडायला कुणी उरलेलंच नाही, हे मी ग्रुपवर लिहिणार नव्हतो. अडीचशेंच्या बाकांवर वीस-बावीस पिकलेली डोकी. दोन चौक पलीकडच्या चर्चचे कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, झालेत; रंगीत काचा तेवढ्या ठेवल्यात, त्याने भाव वाढतो म्हणे. चार वर्षांत मी त्या युनायटेडमध्ये सहा वेळा गेलो असेन. दारात प्रेमाने हात मिळवतात आणि विचारतात, कुठून आलात? सहाही वेळा विचारलं.

आजीला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी कंदिलाशी कुटुंबोपासना व्हायची, आजोबा वाचायचे, ती ऐकून पाठ करायची. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र ती म्हणू लागली की मला त्यातला मेंढपाळ जतकडचा धनगर वाटायचा, खांद्यावर घोंगडं टाकलेला. माझ्या फोनमधलं ॲप सांगतं की मी सलग 212 दिवस पवित्र शास्त्र वाचलंय. मायक्रोवेव्हमध्ये डबा फिरेपर्यंत एक अध्याय उरकतो. काल काय वाचलं ते विचारू नका.

म्हणजे काकांचं खरं? छे. कंदिलाशीसुद्धा मी पेंगतच असायचो.

मिरजेत रविवारी सकाळी नऊ वाजतात तेव्हा इथे शनिवारची रात्र असते. हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेअकरा. मी कपड्यांच्या घड्या घालत उपासना लावतो. उपदेशाला आवाज बारीक. आता सांगूनच टाकतो, मी बघतो तो डावीकडचा तिसरा बाक. कॅमेरा मागच्या खांबाला बांधलाय, त्यामुळे सगळ्यांच्या पाठीच दिसतात. डोक्यावरून पांढरा पदर घेतलेली ती माझी आई. गीताला उभी राहताना पुढच्या बाकाचा आधार घेते. मागच्या पावसाळ्यापर्यंत घेत नव्हती.

तिला गायनपुस्तकात पान काढून देणारं, वाटेपलीकडून वाकलेलं टक्कल दिसतं ना, तेच हे काका. दर रविवारी रिक्षाने तिला आणतात, परत सोडतात. मी रिक्षाचे पैसे पाठवले होते, ते त्यांनी दानपेटीत टाकले.

वॉनलेस आणि टिळकांसकट लिहिलेलं माझं लांबलचक उत्तर अजून फोनमध्येच पडून आहे.

आशीर्वाद झाला, लोक सलाम करत बाहेर निघाले, की काका मागे वळून कॅमेऱ्याकडे बोट करतात आणि आईच्या कानात काहीतरी सांगतात. मग तीही वळते. तिला नीट दिसत नाही, त्यामुळे भलत्याच खांबाकडे बघून हात हलवते.